परदेशातील पहिला अनेक-शहरी प्रवास : आधी नकाशा, मग तिकीट



हल्ली आपल्या स्टाफरूममध्येही व्हिएतनामचं नाव बरंच ऐकू येतं. मुंबईहून थेट विमान आहे, ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, खर्चही युरोपच्या मानाने खूप कमी. मग आपण काय करतो? यादी करतो. हनोई, हा लाँगचा उपसागर, ह्वे, होई आन, हो ची मिन्ह सिटी... आणि तिकीट काढून मोकळे होतो.

आम्हीही तेच केलं होतं. दिवाळीची सुट्टी, चार माणसं, त्यात सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. होई आनला दोन दिवस असा पाऊस लागला की रस्त्यात घोट्यापर्यंत पाणी. हॉटेलच्या खोलीत पत्ते खेळत बसलो. सासूबाई म्हणाल्या, "पाऊसच बघायचा होता तर जुलैत कोकणात गेलो असतो की!" वर्षभर साठवलेले पैसे गेले होते, त्यामुळे कोणालाच हसू आलं नाही. विशेष म्हणजे मी भूगोल शिकवते!

म्हणून म्हणते, आधी नकाशा उघडा. मुलांना सोबत घेऊन बसा, हा चांगला पाठच होतो.

व्हिएतनाम हा इंग्रजी 'एस' अक्षरासारखा लांबलचक देश आहे. हनोई साधारण आपल्या नागपूरच्या अक्षांशावर, तर हो ची मिन्ह सिटी जवळपास कोइमतूरच्या. या दोन शहरांमधलं रेल्वेचं अंतर 1726 किलोमीटर. मुंबई ते दिल्ली 1384 आहे, म्हणजे त्याहूनही जास्त. गाडीला तीस तासांहून अधिक लागतात. एवढा लांब देश असेल तर हवामान सगळीकडे सारखं कसं असेल?

इथेच खरी मेख आहे. देशाच्या पश्चिमेला त्रुआँग सोन नावाची डोंगररांग आहे. आपला सह्याद्री जसा नैऋत्य मोसमी पाऊस अडवतो आणि पलीकडे माण-खटावला कोरडं ठेवतो, तशीच ही रांग मध्य किनाऱ्याला उन्हाळ्यात कोरडं ठेवते. ह्वे, दा नांग, होई आन या भागाचा मुख्य पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर, ईशान्येकडून येणारा. तमिळनाडूचं उदाहरण आपण वर्गात देतोच ना, तसंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथे पूर येतात. आणि आपली दिवाळीची सुट्टी नेमकी तेव्हाच! उलट मे महिन्यात मध्य किनारा कोरडा असतो. हनोईत उकाडा असतो, दक्षिणेत पावसाळा सुरू होतो, पण तिथल्या सरी बहुधा दुपारच्या, तास-दोन तासांच्या. सुट्ट्यांना बांधलेल्या आपल्यासारख्यांसाठी मे बरा. दिवाळीतच जायचं असेल, तर मधला भाग सरळ गाळा. फक्त एक लक्षात ठेवा, 30 एप्रिल आणि 1 मे या दिवशी तिथे सरकारी सुट्टी असते, तेव्हा गाड्या आणि हॉटेलं भरलेली असतात.

दुसरी गोष्ट, गेलो तिथूनच परत यायचं हा हट्ट सोडा. आम्ही मुंबई-हनोई-मुंबई असं तिकीट काढलं होतं. दक्षिण टोकापर्यंत फिरलो आणि घरी येण्यासाठी पुन्हा हनोईला गेलो! एक अख्खा दिवस आणि चार जणांची विमानभाडी फुकट. उतरायचं हनोईत आणि परत निघायचं हो ची मिन्ह सिटीतून, असं एकाच बुकिंगमध्ये करता येतं. साइटवर 'मल्टी-सिटी' हा पर्याय असतो. ई-व्हिसाच्या अर्जातही कुठून शिरणार, कुठून बाहेर पडणार हे विचारतात, म्हणून मार्ग आधी पक्का हवा.

अर्जाचा विषय निघालाच आहे तर नावाचं सांगते. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन पदं. पासपोर्टवर जे जसं छापलंय तसंच, तेवढंच, त्याच क्रमाने भरा. एका अक्षराचा फरक असला तरी विमानतळावर अडवू शकतात, आणि व्हिसाची फी (एका प्रवेशासाठी 25 डॉलर) परत मिळत नाही.

आता दिवस मोजू नका, रात्री मोजा. 'दहा दिवस' म्हटलं की भरपूर वाटतात. पण शहर बदललं की अर्धा दिवस गेलाच : सामान बांधणं, बाराच्या आत खोली सोडणं, विमानतळ, आणि नवी खोली दुपारी दोनला. मुंबईहून रात्री निघणारं विमान सकाळी पोचवतं. घड्याळ दीड तास पुढे जातं, म्हणजे तेवढी झोपही जाते. तारखेचाही घोळ होतो. 5 तारखेला 00:30 चं विमान म्हणजे 4 तारखेच्या रात्रीच घरून निघायचं!

नऊ रात्री असतील तर मी आज अशा वाटेन : हनोई तीन, हा लाँगला बोटीवर एक, विमानाने दा नांगला जाऊन होई आनला तीन, हो ची मिन्ह सिटीला दोन. होई आनला रेल्वे नाही, दा नांगहून तीसेक किलोमीटर गाडीने जावं लागतं. ह्वे राहिलं म्हणून जीव हळहळतो, मान्य आहे. पण दा नांगहून ह्वेला दिवसा रेल्वेने जाऊन येता येतं. 103 किलोमीटरच, पण हाय वान घाटात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. खिडकी कोणाची यावरून आमच्याकडे भांडण झालं. हनोई ते दा नांग रात्रीची गाडीही आहे, सोळा-सतरा तासांची. तरुण असाल तर जरूर जा. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर वरचा बर्थ आणि हा प्रवास, दोन्ही टाळा.

शाकाहारी मंडळींनो, तिथे 'चाय' म्हणजे चहा नव्हे, शाकाहारी जेवण! 'कोम चाय' अशी पाटी दिसली की निर्धास्त आत जा. इतरत्र भाजीतही माशाचा सॉस असतो, त्यामुळे आधी विचारा. पैशांच्या बाबतीत एवढंच, की वीस हजार आणि पाच लाख डाँग या दोन्ही नोटा निळसर आहेत. टॅक्सीत, अंधारात, शून्यं मोजूनच द्या.

मुलांना एक काम द्या. कोऱ्या नकाशावर या पाच जागा भरायच्या, मधली अंतरं लिहायची, आणि प्रत्येक जागी मे आणि ऑक्टोबर महिन्यांतलं पर्जन्यमान शोधून लिहायचं. तिकिटाची साइट त्यानंतरच उघडायची. आमच्या मुलीने गेल्या महिन्यात हा तक्ता करून फ्रिजवर लावलाय. येत्या मे महिन्याचा बेत त्यावरूनच ठरतोय, आणि खिडकीची जागा सासूबाईंनी आत्ताच सांगून ठेवली आहे.