मित्राच्या कंपनीत १० लाख टाकले, पण शेअर कुठे आहेत?

कन्हानच्या आजूबाजूला वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत, गावातून नागपूर-जबलपूर रस्ता जातो आणि नागपूर विसेक किलोमीटरवर आहे. टिप्पर, सुटे भाग, गॅरेज, माणसं पुरवण्याचे ठेके असे धंदे इथे चालतात. ठेका मोठा व्हायला लागला की कोणीतरी सांगतंच, "भाऊ, प्रायव्हेट लिमिटेड करून घे."

आता एक उदाहरण घेऊ. हे काल्पनिक आहे, पण ओळखीचं वाटेल.

दोन शाळासोबती. एक टिप्परचा धंदा पाहणार, दुसरा नोकरीत आहे म्हणून फक्त पैसे देणार. "अर्धा वाटा तुझा, अर्धा माझा" असं बोलणं होतं. नोकरीवाला १० लाख बँकेतून ट्रान्सफर करतो. कंपनी तयार होते. भागभांडवल १ लाख, म्हणजे १० रुपयांचे १०,००० शेअर. त्यातले ९,००० धंदा पाहणाऱ्याचे, १,००० त्याच्या बायकोचे, कारण प्रायव्हेट कंपनीला किमान दोन सदस्य लागतात आणि ऐन वेळी घरातलंच नाव सोपं पडतं. १० लाख देणाऱ्याचं नाव शेअरहोल्डरांच्या यादीत नाही. ताळेबंदात त्याची रक्कम 'अनसिक्युअर्ड लोन' म्हणून बसली आहे.

मग या माणसाचा अर्धा वाटा कुठे आहे? कायद्याच्या नजरेत कुठेच नाही. तो कंपनीचा मालक नाही, तिला पैसे उसने देणारा माणूस आहे.

भागीदारी आणि कंपनी यातला फरक

आपल्याकडे गोंधळ इथूनच सुरू होतो. भागीदारी संस्थेत काहीच लिहिलेलं नसेल, तर १९३२ चा भागीदारी कायदा नफा-तोटा सारखा वाटला जाईल असं धरून चालतो. कंपनीच्या बाबतीत कायदा असं काही धरत नाही. ज्याच्या नावावर जेवढे शेअर, तेवढी त्याची मतं आणि लाभांशातला हिस्सा तेवढाच. राबला कोण, पैसा कोणी आणला, ओळख कोणाची कामाला आली, याचा टक्केवारीशी आपोआप संबंध लागत नाही.

त्यातही पैसा आणि टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या उदाहरणात समजा नंतर सगळं दुरुस्त करायचं ठरलं. १० लाखांचे शेअर १० रुपयांच्या दर्शनी किमतीला दिले, तर १ लाख शेअर द्यावे लागतील. एकूण १ लाख १० हजारांपैकी १ लाख, म्हणजे जवळपास ९१ टक्के! धंदा पाहणारा स्वतःच्याच कंपनीत कोपऱ्यात जाईल. खरंच अर्धा-अर्धा करायचं असेल तर १०,००० शेअर प्रत्येकी १०० रुपयांना द्यावे लागतील, १० रुपये दर्शनी किंमत आणि ९० रुपये प्रीमियम.

हे नंतर करायचं तर अधिकृत भागभांडवल वाढवणं, बाहेरच्या माणसाला शेअर देण्यासाठी ७५ टक्के मतांचा विशेष ठराव, नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल, अशी कामं निघतात. पहिल्या दिवशीच दोघांची नावं मेमोरँडमवर घातली असती तर यातलं काहीच लागलं नसतं. किमान १ लाख भांडवलाची अटही २०१५ मध्येच गेली आहे. त्यामुळे 'आधी माझ्या नावावर करू, तुझं मागाहून बघू' याला सबळ कारण उरत नाही.

उसने पैसेही सहज घेता येत नाहीत

प्रायव्हेट कंपनीने मित्राकडून असं कर्ज घेणं मुळात अडचणीचं आहे. जो संचालक नाही आणि शेअरहोल्डरही नाही, अशा व्यक्तीकडून घेतलेली रक्कम कायद्याने 'ठेव' ठरू शकते आणि अशी ठेव घ्यायला प्रायव्हेट कंपनीला मनाई आहे. संचालकाच्या नातेवाइकाकडून पैसे घेता येतात, पण ते स्वतः कर्ज काढून आणलेले नाहीत असं त्याने लेखी द्यावं लागतं. आणि नातेवाईक कोण, हेही ठरलेलं आहे. नवरा-बायको, आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-सून, मुलगी-जावई, एकत्र कुटुंबातले सदस्य. मेहुणा आणि साडू त्या यादीत नाहीत. (लग्नाच्या पंगतीत कितीही मान असला तरी.)

पैसे शेअरसाठी म्हणून दिले असतील तर ६० दिवसांत शेअर मिळाले पाहिजेत. नाही मिळाले तर पुढच्या १५ दिवसांत रक्कम परत. त्यामुळे ट्रान्सफर करताना बँकेच्या शेऱ्यात 'शेअर ॲप्लिकेशन मनी' असं लिहिणं आणि सोबत एक पत्र देणं फार उपयोगाचं ठरतं. रोखीत तर देऊच नका. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घ्यायला आयकर कायद्याचीही मनाई आहे.

कंपनी सुरू होताना ज्यांनी शेअर घेतले त्यांना दोन महिन्यांत शेअर सर्टिफिकेट मिळायला हवं. या पहिल्या सदस्यांनी पैसे भरले आहेत, असं जाहीर करणारा आयएनसी-२०ए हा फॉर्म १८० दिवसांत भरावा लागतो. तो भरल्याशिवाय कंपनीला धंदा सुरू करता येत नाही की कर्ज काढता येत नाही.

घरात ठरलं, पण नियमावलीत नाही

कंपनीची अंतर्गत नियमावली म्हणजे आर्टिकल्स ऑफ असोसिएशन. लहान कंपन्यांत ती सहसा कोणी वाचत नाही. कायद्याच्या परिशिष्टात 'टेबल एफ' नावाचा तयार नमुना आहे, तोच उचलून लावला जातो.

याची किंमत तामिळनाडूतल्या एका कुटुंबाला मोजावी लागली. दोन भावांची प्रायव्हेट कंपनी, दोघांचे २५-२५ शेअर. दोन्ही शाखांकडे नेहमी सारखेच शेअर राहतील आणि कोणाला विकायचे असतील तर आधी आपल्याच शाखेतल्यांना विचारायचं, असं तोंडी ठरलं होतं. पुढच्या पिढीत एकाने शेअर दुसऱ्या शाखेला विकले. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या नावाने ओळखलं जाणारं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयाने सांगितलं की शेअर विकण्यावरचं असं बंधन आर्टिकल्समध्ये नसेल, तर ते कंपनीवरही बांधील नाही आणि शेअरहोल्डरांवरही नाही.

टेबल एफमध्ये आणखी एक कलम आहे. संचालक मंडळात मतं सारखी पडली तर अध्यक्षाला दुसरं, निर्णायक मत मिळतं. म्हणजे ५०-५० ची कंपनी काढली, दोघेच संचालक, आणि बैठकीत एकाला सहज 'तू बस अध्यक्ष' म्हटलं, तर मंडळाच्या निर्णयांत दोघे बरोबरीचे राहिलेच नाहीत. हे कलम काढून टाकता येतं. शेअर आधी कोणाला विकायचे, किंमत कशी काढायची, दोघांचं अडलं तर कोण कोणाचा हिस्सा विकत घेणार, हेही लिहिता येतं. वकिलाला किंवा कंपनी सेक्रेटरीला हे एका बसणीत करता येतं, पण तसं त्याला सांगावं लागतं.

पेनड्राइव्ह कोणाकडे आहे?

हा प्रश्न साधा वाटतो, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. कंपनीचे सगळे फॉर्म ऑनलाइन भरले जातात आणि त्यावर डिजिटल सही लागते. ही सही पेनड्राइव्हसारख्या टोकनमध्ये असते. अनेक ठिकाणी सगळ्या संचालकांची टोकन सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्डसकट पडून असतात. नवे शेअर वाटल्याचा फॉर्म, राजीनाम्याचा फॉर्म, हे सगळं त्या टोकनवर होतं. कोऱ्या चेकवर सह्या करून पुस्तक दुसऱ्याकडे ठेवण्यासारखंच आहे हे. टोकन स्वतःकडे ठेवा.

'फक्त नावाला' संचालक केलेल्या बायकांसाठी हे जास्तच खरं आहे. कंपनीने सलग तीन वर्षं वार्षिक हिशोब किंवा रिटर्न भरले नाहीत, तर तिचे संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ मध्ये सरकारने दोन लाखांहून जास्त कंपन्या नोंदीतून काढल्या, तेव्हा लाखो संचालक असे अपात्र झाले. उशिराचा दंड वार्षिक फॉर्मामागे दिवसाला १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. दुसरीकडे, तिच्या नावावरचे शेअर खरोखर तिचे असतील तर त्यावरचे हक्कही तिचेच आहेत.

हिस्सा कमी आहे, मग हातात काय?

५० टक्क्यांच्या वर एक मत असलं की संचालक नेमता आणि काढता येतो. ७५ टक्के असले की नियमावली बदलता येते. याचा उलटा अर्थ लक्षात ठेवा. २५ टक्क्यांहून जास्त शेअर असतील तर तुम्ही विशेष ठराव अडवू शकता. भाव करताना २५ आणि २६ टक्क्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१० टक्के असतील तर विशेष सभा बोलवायची मागणी करता येते. संचालक मंडळाने २१ दिवसांत सभा बोलावली नाही, तर तुम्ही स्वतः बोलावू शकता. आणि एकच शेअर असला तरी सर्वसाधारण सभेची नोटीस, हिशोबाची प्रत, सदस्यांची नोंदवही आणि सभेची इतिवृत्तं पाहण्याचा हक्क आहे. संचालक मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं मात्र शेअरहोल्डरला मागता येत नाहीत.

तुमचा टक्का कमी करण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे गुपचूप नवे शेअर काढणं. नवे शेअर काढताना ते आधी सध्याच्या शेअरहोल्डरांना त्यांच्या प्रमाणात देऊ करावे लागतात. केरळमधल्या एका कंपनीत परदेशात राहणाऱ्या गुंतवणूकदाराचे पैसे होते आणि कारभार मॅनेजिंग डायरेक्टर पाहत होता. त्याने स्वतःलाच जादा शेअर देऊन बहुमत आपल्याकडे फिरवलं. डेल अँड कॅरिंग्टन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ते वाटप रद्द केलं.

अशा अन्यायाची दाद राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, म्हणजे एनसीएलटीत मागायची. तिथे जायला साधारणपणे १० टक्के शेअर किंवा सदस्यसंख्येच्या एक दशांश सदस्य लागतात, पण न्यायाधिकरण ही अट शिथिल करू शकतं. ज्या बाबी त्याच्या अधिकारात येतात त्यासाठी नागपूरच्या दिवाणी न्यायालयात दावा चालत नाही. महाराष्ट्रातली प्रकरणं मुंबई खंडपीठाकडे जातात. कन्हानच्या माणसासाठी हा खर्च आणि वेळ दोन्ही आहे.

तिथेही प्रत्येक नाराजी टिकत नाही. टाटा सन्समध्ये शापूरजी पालनजी समूहाकडे १८ टक्क्यांहून जास्त शेअर होते. सायरस मिस्त्री यांना २०१६ मध्ये अध्यक्षपदावरून हटवल्यावर वाद झाला आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल टाटांच्या बाजूने दिला. शेअरच्या प्रमाणात संचालक मंडळावर जागा मिळण्याचा हक्क आपोआप येत नाही, तो नियमावलीत असावा लागतो, हेही त्यात स्पष्ट झालं.

आपल्या १० लाखवाल्या मित्राला मात्र हा दरवाजाच उघडा नाही. तो सदस्य नाही. त्याच्याकडे उरतो तो कर्जवसुलीचा दिवाणी दावा, आणि त्याची मुदत साधारण तीन वर्षं.

शेअरहोल्डर गेला तर?

'नॉमिनी टाकलाय, मग काळजी नाही' हा समज 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या खटल्याने मोडीत काढला. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं, २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या गुंतवणुकीवर नॉमिनींचा हक्क की वारसांचा, हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालानुसार कंपनी कायद्यातलं नॉमिनेशन वारसा हक्काच्या वर जात नाही. नॉमिनी रक्कम किंवा शेअर हातात घेतो, मालकी वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. लहान कंपनीत याचा अर्थ असा की उद्या तुमच्या भागीदाराच्या जागी त्याची बायको, मुलं आणि आई, असे तीन-चार नवे शेअरहोल्डर समोर बसू शकतात. त्यांचा हिस्सा कोण, कोणत्या किमतीला घेणार, हेही आर्टिकल्समध्येच लिहायचं.

तुमचं नाव एखाद्या कंपनीत आहे की नाही, हे घरबसल्या तपासता येतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची मूळ माहिती मोफत दिसते, त्यात संचालकांची नावं असतात. शेअरहोल्डरांची नावं तिथे नसतात. त्यासाठी १०० रुपये भरून कंपनीने दाखल केलेली कागदपत्रं उघडावी लागतात. सुरुवातीचं मेमोरँडम, शेअर वाटपाचा पीएएस-३ आणि वार्षिक रिटर्न, ही तीन आधी बघा.