न दिसणारं कुलूप

घोडेगावला महामार्ग सोडून शनिशिंगणापूरच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांनी ऊस सुरू होतो आणि उसाच्या कडेने रसवंत्या. संध्याकाळी याच भागात मोटारसायकलला किटल्या अडकवलेली माणसं डेअरीकडे निघालेली दिसतात. डेअरी म्हणजे इथे दूध संकलन केंद्र. परवा अशाच एका केंद्रावर अर्धा तास थांबलो होतो. एका काकूंचं दूध मोजून झालं, यंत्राने पावती टाकली. नऊ लिटर, फॅट ३.८, एसएनएफ ८.३. काकूंनी पावती बल्बखाली धरली, एसएनएफच्या आकड्यावर अंगठा टेकवला आणि केंद्रवाल्याला विचारलं, "दादा, आज परत दोन पॉइंट कमी?" एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारा घन भाग; तो साडेआठच्या खाली गेला की दर कापला जातो. त्या दोन पॉइंटांचे किती पैसे गेले, हे त्यांना तोंडपाठ होतं.

अशाच किटल्यांतल्या दुधावर याच जिल्ह्यात उभी राहिलेली एक कंपनी आपला दूध व्यवसाय १,७०० कोटी रुपयांना विकून मोकळी झाली. तो हिशेब कुठल्याच पावतीवर येत नाही. तो मांडायचा तर प्रायव्हेट इक्विटी म्हणजे काय, हे समजून घ्यावं लागतं.

ती कंपनी म्हणजे श्रीरामपूर परिसरातली प्रभात डेअरी, १९९८ सालची. निर्मळ कुटुंबाने उभी केलेली. पिशवीतल्या दुधापेक्षा चॉकलेट-बिस्किटांच्या मोठ्या कंपन्यांना कंडेन्स्ड मिल्क, पावडर असा माल पुरवण्यावर तिचा भर. अशा मध्यम कंपनीची अडचण दूधधंद्यातल्या कुणालाही सांगावी लागत नाही. शेतकऱ्याला दर दहा दिवसांनी पगार वाटावा लागतो, आणि मोठं गिऱ्हाईक मात्र महिना-दोन महिने पैसे देत नाही. पुष्टकाळात दूध ओसंडतं, त्याची पावडर करून ठेवावी लागते आणि भांडवल गोदामात अडकतं. बँक कर्ज देते, पण तारण मागते आणि पुढच्याच महिन्यापासून हप्ता मोजते. कंपनीला अशा वेळी हप्ता नसलेला पैसा हवा असतो.

तो पैसा प्रायव्हेट इक्विटीचा. पेन्शन फंड, विमा कंपन्या, धनाढ्य कुटुंबं आपली रक्कम एका फंडाकडे सोपवतात. त्याचं आयुष्य बहुधा दहाएक वर्षांचं. फंड चालवणारे शेअर बाजारात नसलेल्या कंपन्या शोधतात, त्यांत भागीदारी घेतात आणि चार-सात वर्षांनी ती विकून फंडात रक्कम सोपवणाऱ्यांचे पैसे परत करतात. अमेरिकेत फंड पुष्कळदा कर्ज काढून अख्खी कंपनीच विकत घेतात. आपल्याकडे मध्यम कंपन्या कुटुंबाच्या असतात आणि कुटुंबाला खुर्ची सोडायची नसते, म्हणून पाव-तृतीयांश हिस्सा देऊन-घेऊन काम भागतं. प्रभातमध्ये २०१२ साली असेच दोघे आले: राबो समूहाशी निगडित इंडिया अ‍ॅग्री बिझनेस फंड आणि फ्रान्सची प्रोपार्को.

हा पैसा कंपनीत कसा येतो, ते समजायला आता शिंगणापूरला येऊ. हे गाव साऱ्या देशाला ठाऊक आहे ते घरांना दारं नसल्यामुळे. २०११च्या जानेवारीत युको बँकेने इथे शाखा उघडली, तेव्हा 'कुलूप नसलेली बँक' म्हणून तिचा गाजावाजा झाला. दार होतं काचेचं, आरपार दिसणारं. पण बँकच ती. त्या दाराला विजेच्या चुंबकाचं, दुरून चालवायचं, सहसा नजरेस न पडणारं कुलूप बसवल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. गावाच्या श्रद्धेचा मान राहिला आणि ठेवीदाराची रक्कमही सांभाळली गेली. मला हा तोडगा मनापासून आवडतो.

फंडाचा पैसा कंपनीत येतो तो असाच. बाहेरून सगळं मोकळं दिसतं. प्रवर्तक तोच, पाटी तीच, कामगार तेच. कुलूप असतं भागधारक करारात. फंडाचा माणूस संचालक मंडळावर बसतो. ठरावीक गोष्टी, म्हणजे नवं मोठं कर्ज, जमीनखरेदी, घरातल्या माणसाच्या दुसऱ्या फर्मशी व्यवहार, फंडाच्या संमतीवाचून होत नाहीत. प्रवर्तकाने हिस्सा विकला तर त्याच भावात आपलाही विकण्याचा हक्क फंड राखून ठेवतो. ठरल्या मुदतीत शेअर बाजारात नोंदणी झाली नाही, तर काही करारांत फंड गिऱ्हाईक आणतो आणि प्रवर्तकालाही सोबत विकायला लावू शकतो. म्हणजे आत येतानाच बाहेर पडायचं दार मोजून-मापून बसवलेलं असतं. यात मला काही गैर वाटत नाही. दुसऱ्याचा पैसा हाताळणाऱ्याने असंच वागावं. आणि यातून कंपनीला शिस्तही लागते: लेखापरीक्षण वेळेवर, घरखर्च आणि कंपनीखर्च वेगळा, निर्णय कागदावर.

नफा कसा होतो, ते काल्पनिक आकड्यांनी पाहू. कंपनीचा वर्षाचा नफा १० कोटी. बारापट धरून किंमत ठरली १२० कोटी. फंडाने नवे ४० कोटी घातले, कंपनी झाली १६० कोटींची, फंडाचा हिस्सा चौथाई. सहा वर्षांनी नफा ३० कोटींवर गेला आणि कंपनी मोठी, शिस्तीची झाली म्हणून गिऱ्हाईक पंधरापट द्यायला तयार झालं. किंमत ४५० कोटी, फंडाचे ११२ कोटी ५० लाख. वर्षाला साधारण १९ टक्के परतावा. यातला काही भाग जास्तीच्या नफ्याचा आणि काही भाग 'बारापट'चं 'पंधरापट' झाल्याचा. हा दुसरा भाग विकल्याशिवाय हाती येत नाही. म्हणून फंडाला विकावंच लागतं.

अर्थात दार ठरलेलं असलं तरी ते पाहिजे तेव्हा उघडतंच असं नाही. २०१५ साली प्रभातचे शेअर बाजारात आले. आधी १४० ते १४७ रुपयांचा पट्टा होता. प्रतिसाद मिळेना, तेव्हा मुदत वाढवून भाव उतरवावा लागला आणि शेवटी शेअर ११५ला गेला. पुढे २०१९च्या जानेवारीत १,७०० कोटींचा सौदा जाहीर झाला. घेणारी होती तिरुमला मिल्क प्रॉडक्ट्स. या तिरुमलाचीही गोष्ट हीच: २०१० साली तिच्यात अमेरिकेचा कार्लाइल फंड आला होता आणि २०१४ साली ती फ्रान्सच्या लॅक्टॅलिसकडे गेली. लॅक्टॅलिस जगातल्या सर्वांत मोठ्या दूध कंपन्यांपैकी एक, आणि आजही एका कुटुंबाच्याच मालकीची. सौद्याचे पैसे लहान भागधारकांपर्यंत कसे जाणार, यावरून मात्र पुढे वाद झाला. २०२० साली शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने अंतरिम आदेश काढून सुमारे १,२९२ कोटी रुपये वेगळ्या खात्यात ठेवायला सांगितलं. ज्याच्या हाती करार असतो त्याचा पैसा कराराच्या कुलपाने सांभाळला जातो. ११५ रुपयांनी शेअर घेणाऱ्याला सेबीकडेच पाहावं लागतं.

आणि किटली घेऊन येणाऱ्या काकूंना? त्यांच्याकडे पावती असते, शेअर नसतो.

हा तोच जिल्हा आहे जिथे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भाग गोळा करून लोणीला साखर कारखाना उभा केला. शिंगणापूरला लागून सोनईत मुळा कारखानाही सहकारीच. तिथे शेतकरी मालक असतो, एका सभासदाला एक मत असतं. पण सहकारातला शेअर वाढत नाही. लाभांशाला कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि कारखान्याची मालमत्ता कितीही वाढली तरी बाहेर पडणाऱ्याला भागाची दर्शनी किंमतच मिळते. त्यामुळे फंड सहकारात येऊ शकत नाही. तो प्रभातमध्ये गेला, मंचरच्या पराग मिल्क फूड्समध्ये गेला. खासगीत वाढीव किंमत आहे, पण उत्पादक मालक नाही. सहकारात उत्पादक मालक आहे, पण वाढीव किंमत नाही. पश्चिम महाराष्ट्रातला दूधवाला गेली वीस-पंचवीस वर्षं या दोन्हींच्या मधल्या खाचेत उभा आहे. याचं मला वाईट वाटतं, कारण भांडवलाची गरज खरी आहे आणि दूधही त्याचंच आहे.

या खाचेवर पूल बांधायचा प्रयत्न शेजारच्या जिल्ह्यात झाला आहे. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला विलास शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्राक्ष बागायतदारांची सह्याद्री फार्म्स ही उत्पादक कंपनी उभी केली. उत्पादक कंपनीत सभासद शेतकरीच लागतो, फंडाला तिचे शेअर देता येत नाहीत. म्हणून प्रक्रिया आणि विक्रीसाठी तिच्या खाली वेगळी कंपनी काढली गेली, आणि २०२२ साली युरोपातल्या चार गुंतवणूकदारांनी त्या खालच्या कंपनीत ३१० कोटी रुपये घातले. त्या चौघांत प्रभातमध्ये आलेली प्रोपार्कोही आहे. तिथेही करार असणार, आणि बाहेर पडायचं दारही. पण ते दार उघडेल तेव्हा खालच्या कंपनीची जी किंमत ठरेल, त्याच भावाने वरच्या, द्राक्षवाल्यांच्या कंपनीच्या हिश्श्याचीही किंमत निघेल.

दूधवाल्यांनी असं काही अजून मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेलं नाही. दुधाला ते जास्त कठीण आहे. द्राक्षाचा हंगाम असतो, गाय मात्र रोज दोन वेळा दूध देते आणि दहाव्या दिवशी पेंडवाला दारात उभा असतो. भागासाठी लिटरमागे पन्नास पैसे कापू द्याल का, असं मी काकूंना विचारलं. पावतीची घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवत त्या म्हणाल्या, "कापतील तर कापू द्या. पण कागद माझ्या नावाचा पाहिजे, मालकांच्या नाही." मालक म्हणजे त्यांचे यजमान. गायी दोघांच्या, पण धार त्याच काढतात.