सामायिक साठ्यावर ताबा कोणाचा?

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांचा आर्थिक व्यवहार मोठ्या प्रमाणावर सहकारी बँकांतून चालतो. ऊसबिले, पीककर्जे आणि ठेवी यांच्या नोंदी पूर्वी त्या त्या शाखेच्या खातेवहीत राहत, त्या कोअर बँकिंग आल्यानंतर मध्यवर्ती साठ्यात गेल्या. या साठ्यावर काम करणारा संगणक बंद पडला, तर म्हसवडपासून जतपर्यंतच्या शाखांचे कामकाज एकदम थांबू शकते, आणि म्हणूनच एकाच साठ्याला दोन किंवा अधिक संगणक जोडून, एक काम करत असताना दुसरा त्याची जागा घेण्यास सज्ज ठेवण्याची पद्धत रूढ झाली. अशा समूहाला क्लस्टर म्हणतात. हे संगणक आता अनेकदा आभासी असतात, म्हणजे एका मोठ्या यजमान सर्व्हरवर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने उभे केलेले असतात.

या व्यवस्थेतील सर्वांत घातक प्रसंग यंत्र बंद पडल्याने ओढवत नाही. दोन्ही यंत्रे चालू असताना त्यांच्यामधला संपर्क तेवढा तुटला की तो ओढवतो. प्रत्येक यंत्र दुसऱ्याला बंद पडलेले समजते, दोघेही एकाच डिस्कवर लिहू लागतात, आणि डिस्कवरील कोणती जागा रिकामी आहे याचा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या स्मृतीत ठेवलेला असल्यामुळे एकाने लिहिलेल्या नोंदीवर दुसरा नकळत लिहून जातो. ‘स्प्लिट-ब्रेन’ या नावाने ओळखली जाणारी ही बिघाडाची अवस्था विशेष भयंकर ठरते, कारण नुकसान लगेच दिसत नाही आणि दरम्यान घेतलेल्या बॅकअपमध्येही तीच नासलेली माहिती उतरते.

दोन्ही यंत्रांची समजूत चुकीची असू शकते, तेव्हा निवाडा साठ्यापाशीच झाला पाहिजे. कालव्याच्या पाण्यावरून दोन शेतकऱ्यांत वाद झाला, तर पाळीपत्रक हाती असलेला पाटकरी दारापाशीच तो मिटवतो, तसाच हा न्याय आहे. संगणक डिस्कशी ज्या आज्ञांच्या भाषेत बोलतो, त्या स्कझी या प्रमाणाच्या दुसऱ्या आवृत्तीतही आरक्षणाची सोय होती, परंतु जोडणी ‘रीसेट’ होताच ते आरक्षण नाहीसे होई. तिसऱ्या पिढीतील ‘पर्सिस्टंट रिझर्वेशन’ म्हणजे टिकाऊ आरक्षणाने ही उणीव दूर केली. यात प्रत्येक यंत्र प्रथम आठ बाइटांची एक किल्ली साठ्याकडे नोंदवते, नोंदवलेल्यांपैकी एक आरक्षण घेते, आणि ताबा बदलण्याची वेळ आली की नवे यंत्र जुन्याची किल्लीच यादीतून काढून टाकते. त्यानंतर जुने यंत्र जिवंत असले आणि स्वतःला मालक समजत असले, तरी त्याचे लेखन साठा ‘आरक्षण-विरोध’ असे उत्तर देऊन परतवतो. मायक्रोसॉफ्टने २००८ च्या विंडोज सर्व्हरपासून क्लस्टरच्या सामायिक डिस्कसाठी ही पद्धत आवश्यक केली.

संगणक आभासी झाल्यावर मात्र ही सरळ रचना गुंतागुंतीची होते. साठ्याला दिसते ती यजमान सर्व्हरच्या जोडणीची ओळख, आणि एकाच यजमानावरील दोन आभासी संगणक त्याला वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून ही ओळख सांभाळण्याचे काम मधल्या सॉफ्टवेअरवर येते. व्हीएमवेअर या अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी दीर्घकाळ संपूर्ण डिस्क जशीच्या तशी आभासी संगणकाला जोडून द्यावी लागे. २०२० च्या सातव्या आवृत्तीने फाइलरूप डिस्कवरही ही सोय दिली. क्यूईएमयू या मुक्त सॉफ्टवेअरने २०१७ मध्ये आरक्षणाच्या आज्ञा पोहोचवण्यासाठी एक स्वतंत्र साहाय्यक प्रोग्राम आणला.

व्हीएमवेअरच्या व्यवस्थेत आणखी एक अडचण वारंवार छळते. यजमान सर्व्हर सुरू होताना दिसणारी प्रत्येक डिस्क तपासतो, आणि एखादी डिस्क दुसऱ्या यजमानावरील क्लस्टरने आरक्षित केलेली असली, तर नकार मिळूनही तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, त्यामुळे अशा डिस्क अनेक असल्यास सर्व्हर सुरू होण्यास फार वेळ लागतो. ती डिस्क ‘कायम आरक्षित’ असल्याची खूण प्रत्येक यजमानावर स्वतंत्रपणे करणे हा त्यावरील उपाय असून, नवा यजमान किंवा नवी डिस्क आल्यावर नेमकी हीच खूण करायची राहून जाते.

बिघाडानंतर मागे राहिलेली शिळी किल्ली हाताने पुसण्याचा मोहही तितकाच धोक्याचा आहे. ती आज्ञा क्षणात चालते, पण दुसरे यंत्र खरोखर बंद असल्याची खातरजमा न करता ती दिली, तर ज्या अनर्थापासून आरक्षण वाचवते तोच ओढवतो. म्हणून ही कृती लेखी पद्धतीने आणि दोन व्यक्तींच्या संमतीनेच व्हावी, तसेच संपर्क मुद्दाम तोडून करायची चाचणी सुट्टीच्या दिवशी उरकावी, तिची पहिली परीक्षा ३१ मार्चच्या गर्दीत होऊ देऊ नये.

हे आरक्षण एका साठ्यापुरतेच असते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी ओलांडणारा कृष्णेचा पूर पाहता, साठ्याची दुसरी प्रत दूरच्या शहरात असणे अपरिहार्य आहे. तेथे डेटाबरोबर किल्ल्यांची यादी पोहोचेलच असे नाही, आणि दोन्ही ठिकाणांना समान असा साठाही नसतो. त्यामुळे मूळ ठिकाण थांबले आहे हे ठरवण्यासाठी तिसऱ्या ठिकाणी एक ‘साक्षीदार’ संगणक ठेवतात, किंवा तो निर्णय जबाबदार अधिकाऱ्याच्या लेखी आदेशावर सोपवतात.