गिअरच्या दांड्यावरील मूठ

मोटारीविषयी बोलू लागलो म्हणजे आपण यंत्राविषयी, चाकांविषयी, फार तर रंगाविषयी बोलतो. गिअरच्या दांड्याच्या टोकावरील मुठीकडे कोणाचे लक्ष जात नाही. लिंबाएवढी ती वस्तू. परंतु गावात गाडी हाकणाऱ्याचा डावा हात दिवसातून शेकडो वेळा तिच्यावरच पडतो. ती जागेवर नसली तर काय होते, याचा अनुभव आम्हांस नुकताच आला.

आमच्या काकांची एक जुनी लहान मोटार आहे. काका आता नाहीत, मोटार आहे. वर्षानुवर्षे त्यांचा तळहात फिरून मुठीवरील १, २, ३, ४ हे आकडे आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा पार पुसून गेल्या होत्या. काकांना आकड्यांची गरज नव्हती. परंतु त्यांची नात गाडी शिकू लागली, आणि एका सकाळी काळ्या घोड्याच्या चौकात दुसरा गिअर सोडून तिसरा टाकते न टाकते तोच मूठ निखळून तिच्या हातात आली. गाडी न्यूट्रलमध्ये, दांड्याचे टोक उघडे, आणि मागे शहरबसचा भोंगा! पोरीने प्रसंगावधान राखले. उघड्या दांड्यालाच धरून गाडी कडेला घेतली. हाताला थोडे खरचटले, एवढेच.

मूठ निघाली का? दांड्याच्या टोकाला बोल्टाप्रमाणे आटे पाडलेले असतात व मुठीच्या पोटात तसेच उलटे आटे असतात. प्रत्येक वेळी गिअर टाकताना हात नकळत थोडा वळतो, गाडीचा कंप त्यात भर घालतो, आणि प्लास्टिकचे आटे हळूहळू झिजतात. मूठ जागच्या जागी गरगर फिरू लागली म्हणजे ती बदलण्याची वेळ आली असे समजावे. आम्ही समजलो नाही.

काढण्याची रीत अशी. गाडी सपाट जागी उभी करून यंत्र बंद करावे, हातब्रेक ओढावा, चाकांना विटांची उटी द्यावी आणि मगच दांडा न्यूट्रलमध्ये आणावा. उटी देण्याचा कंटाळा करू नये. न्यूट्रलमधील गाडीला हलका उतारही पुरतो. मुठीखालचे चामड्याचे किंवा रबराचे आच्छादन खाली सारले की बहुधा एक चपटा नट दिसतो. तो मुठीला खालून घट्ट आवळून धरतो. पान्याने त्यास सैल करून मूठ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावी. अडली तर गरम पाण्यात पिळलेला कपडा काही वेळ गुंडाळून ठेवावा. मूठ अगोदर फुगते, आतील लोखंड मागाहून. तेवढी फट पुरते. पकडीने धरायचेच झाले तर मध्ये जाड फडके घ्यावे, नाहीतर पकडीचे दात कायमचे उमटतात.

काही मुठींना आटेच नसतात. त्या नुसत्या दाबून बसविलेल्या असतात आणि सरळ वर ओढाव्या लागतात. अशा वेळी तोंड दांड्याच्या वर आणू नये. मूठ एकदम सुटली की हनुवटीवर बसते. हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही! काहींच्या कडेला एक बारीक स्क्रू लपलेला असतो. तो न पाहता जोर केला तर मूठ फुटते. बडोद्यापासून जवळच हालोल येथे १९९६ साली जनरल मोटर्सच्या कारखान्यात ओपेल ॲस्ट्रा गाडी तयार होऊ लागली (तो कारखाना २०१७ साली बंद झाला व पुढे एम.जी. मोटर कंपनीकडे गेला). त्या गाडीच्या मुठीखाली एक कडे असे. ते बोटांनी वर उचलल्याखेरीज मागे जाण्याचा गिअर पडत नसे. अशी कडी पुष्कळ गाड्यांना असते आणि तिचा आतल्या सळईशी किंवा तारेशी संबंध असतो. तेथे, तसेच ज्यांच्या मुठीत हवेच्या नळ्या आणलेल्या असतात त्या अवजड मालमोटारींत, जाणत्या मेस्त्रीवाचून हात घालू नये.

नवी मूठ आणताना केवळ दांड्याची जाडी मोजून भागत नाही. जाडी बहुधा ८, १० किंवा १२ मिलिमीटर असते. परंतु दोन आट्यांमधील अंतर कोठे १.२५ तर कोठे १.५ मिलिमीटर असते. अंतर चुकले तर मूठ एक-दोन फेरे आत जाते आणि मग रुतते. जोर केला की दोहोंचे आटे गेले. यास्तव जुनी मूठ बरोबर नेणे उत्तम. आम्ही ती घेऊन बाजारात हिंडलो. चकचकीत पोलादी मुठी पुष्कळ होत्या. पण बडोद्याचा वैशाख ज्याने पाहिला आहे तो पोलादी मूठ घेणार नाही. एकाच उन्हात तापलेली पोलादी व लाकडी मूठ एकाच तापमानाची असली, तरी पोलाद आपली उष्णता हाताला झटकन देते आणि लाकूड हळूहळू देते. म्हणून पोलाद चटका देते.

तेव्हा आम्हांस संखेड्याची आठवण झाली. पूर्वी बडोदे जिल्ह्यात असलेले व २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडणारे हे गाव खरादावरील सागवानी कामाबद्दल प्रसिद्ध आहे. तेथील एका कारागिराने आमची मूठ घडविली. खरादावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी टेकविली की घर्षणाच्या उष्णतेनेच लाख वितळून लाकडावर पसरते. त्यावरची सोनेरी नक्षी सोन्याची नसते. ती कथलाची असते, आणि वरून बसणाऱ्या लाखेच्या पिवळसर थरामुळे सोन्यासारखी दिसते. आकडे आम्ही त्याच रंगात काढून घेतले. लाकडात पाडलेले आटे टिकत नाहीत, म्हणून पोटात आटे पाडलेली पितळेची नळी बसविली. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे: लाख सुमारे ७५ अंशांना वितळते आणि त्याआधीच मऊ पडू लागते. म्हणून उन्हाळ्यात गाडी सावलीत लावतो, ते शक्य नसल्यास मुठीवर सुती टोपरे चढवितो.

बसविताना पहिले फेरे केवळ बोटांनी द्यावे. वाकडी चढली तर लगेच जाणवते. आकडे वाचणाऱ्याकडे सरळ आले की तेथे थांबून खालचा नट वर चढवावा आणि मूठ धरून तो आवळावा. मग यंत्र बंद असतानाच क्लच दाबून सर्व गिअर एकदा टाकून पाहावे.

वाहन चालविताना हात मुठीवर विसावत ठेवण्याची अनेकांना सवय असते. आमच्या काकांनाही होती. दांडा म्हणजे एक तरफ आहे. तळहाताचा भार तिच्यावाटे आतील दुबेळक्यावर येतो, ते फिरणाऱ्या भागाला उगाच घासते आणि झिजते. काकांच्या नातीला आम्ही हे सांगितले, तर ती म्हणाली, “आजोबांचाही हात तिथेच असायचा.” यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

जुनी मूठ टाकून देण्यास काकूंनी साफ नकार दिला. ती आता त्यांच्या शिवणाच्या डब्यात असते. मोज्याची टाच रफू करताना आत धरायला ती अगदी बेताची आहे, असे त्या म्हणतात.