वीस हजारांची सही

गेल्या डिसेंबरातील गोष्ट. आमच्या वसाहतीतील एक गवंडी जालना रोडवरून सायकलने घरी येत होते. वय 34, घरी म्हातारी आई, पत्नी, दोन मुले. मागून आलेल्या पर्यटकांच्या गाडीने त्यांना उडवले. गाडी परराज्यातली. चालक माणूस म्हणून वाईट नव्हता, त्यानेच दवाखान्यात नेले. पण वाटेत सांगून ठेवले, “डॉक्टरांनी विचारलं तर पायऱ्यांवरून पडलो म्हणा, पोलिसांचं झेंगट नको.” दुसऱ्या दिवशी गाडीमालकाचा माणूस वीस हजार रुपये आणि स्टँप पेपर घेऊन आला. पाय प्लास्टरमध्ये, घरात दाणा नाही. त्यांनी सही केली. मी ऑफिस सुटल्यावर पोहोचलो तेव्हा शाई वाळली होती.

2023 पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून नोंदले गेलेले आपले औरंगाबाद हे एकाच वेळी कारखान्यांचे आणि पर्यटनाचे शहर आहे. संध्याकाळी चिकलठाण्याची, वाळूजची पाळी सुटते, आणि त्याच सुमारास दौलताबाद, वेरूळ, खुलताबाद, मकबरा असे सगळे एका दिवसात उरकून दमलेले चालक शहरात शिरतात. दौलताबादच्या जुन्या दरवाजात गाड्या तुंबल्या की वाया गेलेला वेळ पुढच्या मोकळ्या रस्त्यावर भरून काढायचा, ही त्यांची रीत. रस्ता अनोळखी, नजर मोबाईलच्या नकाशावर. त्यांच्यासमोर सायकलवरचा, पायी चालणारा, डबा घेऊन रस्ता ओलांडणारी बाई, म्हणजे आपलीच माणसे असतात.

मी बी.कॉम. झालेला कारकून, मला आकड्यांची भाषा कळते. म्हणून त्या रात्री वही घेऊन बसलो. न्यायाधिकरण नुकसानभरपाई कशी मोजते, याची रीत सर्वोच्च न्यायालयाने 2009 सालच्या सरला वर्मा आणि 2017 सालच्या प्रणय सेठी खटल्यांत घालून दिली आहे. आमच्या गवंड्यांची महिन्याची कमाई 15,000 रुपये. वर्षाचे झाले 1,80,000. चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या हिमतीवर कमावणाऱ्यासाठी पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवले की 2,52,000. पायामुळे कमाईची ताकद 40 टक्के घटली असे धरले, तर वर्षाला 1,00,800 रुपयांचे नुकसान. 31 ते 35 वयासाठी गुणक 16. उत्तर आले 16,12,800 रुपये. औषधपाणी आणि वेदनेची भरपाई वेगळी. हा माझा अंदाज, अंतिम आकडा न्यायाधिकरणाचा. पण वीस हजार कुठे आणि हे कुठे!

यात एक मेख आहे. पाय किती टक्के निकामी झाला एवढेच पाहून भागत नाही, त्या पायाने माणूस काय काम करत होता तेही पाहावे लागते, असे 2010 च्या राजकुमार खटल्यात सांगितले आहे. माझा पाय मोडला तरी मी टेबलाशी बसून लिहीन. गवंडी परांचीवर कसा चढणार? हे वकिलाला ठासून मांडायला सांगावे.

दुसरी मेख कमाईच्या पुराव्याची. मुकादम रोखीने पैसे देतो, कागद कुठलाच नाही. मग न्यायाधिकरण अंदाजाने रक्कम धरते. समजा 9,000 धरली, तर वरचेच गणित 9,67,680 वर येते. एका कागदावाचून साडेसहा लाखांच्या घरातली रक्कम गेली! हजेरीची वही, बँकेत दरमहा टाकलेली मजुरी, बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी, ई-श्रम कार्ड, यांतले जे जमेल ते आजच करून ठेवावे. घरकाम करणाऱ्या गृहिणीच्या श्रमालाही न्यायालयाने मोल दिले आहे, म्हणून ‘बाई काही कमवत नव्हती’ असे कुणी म्हटले तर गप्प बसू नये.

आमच्या गवंड्यांना वाचवले ते त्यांच्या पत्नीने. दवाखान्यात नोंद होताना तिने पायऱ्यांची गोष्ट मोडून काढली, रस्त्यावरचा अपघात म्हणून लिहायला लावले, आणि हातावर पेनाने लिहिलेला गाडीचा नंबर पोलिसांना दिला. नंबर असला की मालक आणि विमा कंपनी दोन्ही सापडतात. गाडी परराज्यातली म्हणून तिकडे खेटे घालावे लागत नाहीत, आपण राहतो तिथल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. ‘आपसात मिटले’ अशा कागदाने हक्क आपोआप संपतोच असे नाही, पण समोरच्या वकिलाच्या हाती आपण आयता पुरावा देतो.

दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. ती टळली असेल तरी वकिलाला विचारल्याशिवाय हात टेकू नयेत. चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळण्याचीही तरतूद आहे, मात्र ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा बाद होतो. म्हणून आधी हिशेब, मग सही. गाडी पळून गेली, नंबरही मिळाला नाही, तर तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात अर्ज करावा. मृत्यूसाठी 2 लाख, गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये मिळतात. मे 2025 पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता मिळण्याची योजनाही आहे. दाखल करतानाच तिची चौकशी करावी.

वकिलाच्या फीला भिऊ नये. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रिया, औद्योगिक कामगार आणि अनुसूचित जातींना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून आलेले बौद्धही त्यात येतात. जातीचा दाखला तेवढा हवा.

आम्ही दावा मे महिन्यात, मुदतीच्या आत दाखल केला. वीस हजार घेतल्याचे अर्जात लपवले नाही. मुकादम आधी टाळत होता, “माझं नाव कशाला गोवता” म्हणत होता. गवंड्यांच्या पत्नीने चार रविवार त्याच्या दारात जाऊन बसण्याचा धडाका लावला. पाचव्या रविवारी त्याने मजुरीचा दाखला लिहून, खाली सही करून दिला. तो मी स्वतः फाईलला लावला आहे.