इंग्रजीतली मालकी: ‘ओन’विषयी पाच गैरसमज

‘ओन’ म्हणजे मालकीचे असणे. वर्गात एवढा अर्थ सांगितला जातो आणि धडा पुढे सरकतो. अर्थ बरोबर आहे, पण अपुरा आहे. मग मराठी माध्यमातून आलेली मुलं मुलाखतीत या शब्दापाशी अडखळतात आणि आपलं इंग्रजीच कच्चं असल्याची खूणगाठ बांधतात. ही समजूत अन्यायाची आहे, कारण मालकीतले बारकावे मराठी माणसाला लहानपणापासून कळतात. इंग्रजी जिथे एकट्या ‘हॅव’वर भागवते, तिथे आपण ‘मला भाऊ आहे’, ‘माझ्याकडे गाडी आहे’, ‘माझ्याजवळ सुटे पैसे आहेत’ असं वेगवेगळं बोलतो. हीच जाण ‘ओन’ वापरताना कामी येते.

गैरसमज १: ‘हॅव’ आणि ‘ओन’ एकच.

वस्तुस्थिती: ‘हॅव’चा पसारा मोठा आहे. नाती, आजार, वेळ, कल्पना, वाचनालयातून आणलेलं पुस्तक या सगळ्यांना ‘हॅव’ चालतं. ‘ओन’ मात्र हक्काने आपल्या असलेल्या वस्तूंसाठीच: घर, जमीन, दुकान, वाहन, समभाग. त्यामुळे ‘आय हॅव टू ब्रदर्स’ बरोबर, पण ‘आय ओन टू ब्रदर्स’ म्हटलं की भावांची मालकी सांगितल्यासारखं होतं. भाड्याच्या घरात राहणाराही ‘आय हॅव अ फ्लॅट इन ठाणे’ म्हणू शकतो. ‘आय ओन अ फ्लॅट’ म्हणायला मात्र घर स्वतःच्या मालकीचं हवं. मनात ‘माझ्या मालकीचं’ असं म्हणून पाहावं. वाक्य नीट बसलं तर ‘ओन’ वापरावं, नाहीतर ‘हॅव’.

गैरसमज २: ‘आय ॲम ओनिंग अ कार’ म्हटलं तरी चालतं.

वस्तुस्थिती: भारतीय बोलण्यात ‘आय ॲम हॅविंग अ कार’ सर्रास ऐकू येतं, पण प्रमाण इंग्रजीत ते चूक मानतात. मालकी ही क्रिया नव्हे, स्थिती आहे. ती चालू किंवा अपूर्ण नसते, म्हणून साधा वर्तमानकाळ: ‘आय ओन अ कार’, ‘आय हॅव अ कार’. ‘बिलाँग’लाही हाच नियम लागू: ‘धिस शॉप बिलाँग्स टू माय अंकल’. ‘हॅविंग’ चुकीचं ठरत नाही ते खरोखर काही घडत असताना, जसं ‘वी आर हॅविंग लंच’.

गैरसमज ३: ‘ओन’ शब्द दिसला की मालकी आलीच.

वस्तुस्थिती: ‘विथ माय ओन आइज’ म्हणजे ‘माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी’. इथे ‘ओन’ विशेषण आहे आणि त्याचं काम जोर देण्याचं. ‘ऑन माय ओन’ म्हणजे एकट्याने, कुणाच्या मदतीशिवाय. ‘ओन अप टू अ मिस्टेक’ म्हणजे चूक कबूल करणं. विशेषणाचा आणखी एक नियम पाळावा लागतो. त्याच्याआधी सहसा ‘माय’, ‘हर’, ‘देअर’ असा शब्द येतो. म्हणून ‘ॲन ओन हाउस’ चूक, ‘माय ओन हाउस’ किंवा ‘अ हाउस ऑफ माय ओन’ बरोबर. फुटबॉलमधल्या ‘ओन गोल’सारखे रुळलेले जोडशब्द याला अपवाद.

गैरसमज ४: ‘ओन’ आणि देणं दाखवणारं ‘ओ’ यांचा एकमेकांशी संबंध नाही.

वस्तुस्थिती: एकात असणं, दुसऱ्यात देणं, तरी दोन्ही एकाच घरातली. जुन्या इंग्रजीत ‘आगन’ हे क्रियापद होतं, अर्थ ‘मालकी असणे’. त्यातून ‘ओ’ आलं आणि त्याच्या भूतकाळी रूपातून ‘ऑट’, म्हणजे कर्तव्य दाखवणारं ‘पाहिजे’. ‘ओन’ही याच कुळातलं. शेक्सपिअरच्या नाटकांतही ‘ओ’ मालकीच्या अर्थाने येतं. ‘जवळ असणे’पासून ‘फेडायचे असणे’ असा त्याचा अर्थ हळूहळू सरकला. ‘हॅव’पासून ‘हॅव टू’ झालं, तेही याच वळणाने. भाषाशास्त्रज्ञ या कुळाचं मूळ संस्कृतातल्या ‘ईश्’ धातूशी जोडतात. ‘ईश’ आणि ‘ईश्वर’ त्याच धातूतून आले. ज्याची सत्ता, तो स्वामी.

गैरसमज ५: ‘पझेशन’ मिळालं म्हणजे ‘ओनरशिप’ मिळाली.

वस्तुस्थिती: ‘पझेस’ म्हणजे ताबा असणं, ‘ओन’ म्हणजे हक्क असणं. हा फरक व्याकरणाइतकाच व्यवहाराचाही आहे. महाराष्ट्रातल्या 1963 च्या एका कायद्याच्या नावातच ‘ओनरशिप फ्लॅट्स’ आहे. त्या ‘मोफा’ कायद्यानुसार बिल्डरने फ्लॅटचा ताबा देऊन थांबायचं नसतं. जमीन आणि इमारतीचा हक्कही गृहनिर्माण संस्थेच्या नावे करून द्यायचा असतो. त्यालाच ‘कन्व्हेयन्स’ म्हणतात. तो न झालेल्या इमारतींत लोक वर्षानुवर्षे राहतात, पण जमीन कागदोपत्री दुसऱ्याच्याच नावावर असते. पुनर्विकासाची वेळ आली की हे नडतं. अशा संस्थांसाठी कायद्याने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ची, सोय ठेवली आहे. बिल्डरने टाळाटाळ केली तरी संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

मुलांना ‘ओन’ शिकवताना एका शब्दाला एक प्रतिशब्द देऊन थांबू नये. जवळ आहे, ताब्यात आहे, की मालकीचं आहे, हे आधी मराठीत विचारायला शिकवावं. उत्तर मराठीत स्पष्ट झालं की योग्य इंग्रजी क्रियापद निवडणं सोपं जातं आणि करारावर सही करतानाही हाच प्रश्न उपयोगी पडतो.