कॉइल कपाटाला, आकडा कागदाला

समजा, जंगली महाराज रस्त्यावरची संभाजी बाग. दोन वर्षांचं पोर घसरगुंडीवरून सुर्रकन खाली येतं आणि त्याचं कानामागचं यंत्र वरच, लोखंडी दांड्याला लटकून राहतं! कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्या मुलांच्या आईबाबांना हा प्रकार चांगलाच ओळखीचा. कारण साधं आहे. बाहेरची कॉइल लोहचुंबकाने डोक्याला चिकटते, आणि जवळ लोखंड आलं की चुंबक पक्ष बदलतो. मग घसरगुंडी असो की घरचं कपाट.

आता यावर तुम्हाला संशोधन करायचंय. बऱ्याच यंत्रांत नोंद आपोआप होते: रोज किती तास वापर, किती वेळा कॉइल सुटली. म्हणजे डेटा तयार, झालं काम? नाही हो! कॉइल सुटली एवढंच कळलं. ती घसरगुंडीमुळे सुटली, टोपडं घालताना, की आई रागावली म्हणून पोराने आवाजच बंद केला? ते आईच सांगणार, हसत हसत.

हा फरक महत्त्वाचा, कारण ऐकायला शिकण्यासाठी मेंदूची पहिली तीन-साडेतीन वर्षं फार मोलाची. यंत्र उतरलं की शांतता. घसरगुंडीवर हेअरबँडचा उपाय चालेल, रुसव्यावर नाही.

म्हणून मुलाखतीत नुसतं ‘त्रास काय होतो?’ विचारू नका. ‘काल काय गंमत झाली?’ हेही विचारा. फक्त आधी त्यांना हसू द्या, मग तुम्ही हसा.